आरोपीचं नाव नसलेला अर्ज

कोर्टाच्या पायऱ्यांसमोर, पार्किंगच्या भिंतीला पाठ लावून, नऊ टेबलं मांडलेली असतात. आठांवर आता संगणक आलेत. नवव्यावर अजून टाइपरायटर आहे आणि त्यामागे जी बाई बसते, तिला समोर सगळे 'बाई' म्हणतात आणि पाठीमागे 'रकानेबाई'. हे तिला ठाऊक आहे. एकदा एका वकिलाच्या तोंडून ते चुकून समोरच निघालं. तिने त्याचा अर्ज नेहमीसारखाच टाइप करून दिला. वकील मात्र दुसऱ्या दिवसापासून सहाव्या टेबलावर जाऊ लागला, याला कोण काय करणार.

नाव पडलं ते तिच्या एका खोडीमुळे. तिच्या टेबलावरून रिकाम्या रकान्याचा अर्ज कधी गेला नाही. अठ्ठावीस वर्षांत एकदाही नाही. 'माहीत नाही' हे उत्तर तिला चालत नसे. 'लागू नाही' म्हटलं की ती चष्म्यावरून बघे. एका माणसाला आजोबांची जन्मतारीख आठवेना, तर तिने त्याला सरळ परत पाठवलं. घरात कोणालाच ती तारीख ठाऊक नव्हती. शेवटी जिच्याशी पंधरा वर्षं बोलणं नव्हतं त्या आत्याकडे जाऊन त्याने विचारली आणि चार दिवसांनी तारीख आणि आत्याने दिलेला लाडूंचा डबा दोन्ही घेऊन आला. आत्याशी नातं जुळलं. अर्ज पुढे फेटाळला गेला, पण तो दुसऱ्याच कारणाने.

काही रकान्यांपुढे बारीक अक्षरात 'असल्यास' छापलेलं असतं. दुसरं नाव, असल्यास. दूरध्वनी, असल्यास. गिऱ्हाईक म्हणे, "बाई, असल्यास लिहिलंय, नाहीये माझ्याकडे, सोडा की." त्यावर बाईचं उत्तर ठरलेलं. "असल्यास म्हणजे असायलाच हवं. फक्त सभ्यपणे विचारलंय." कचेऱ्यांचा इतका दांडगा अनुभव असलेल्या बाईशी वाद कोण घालणार? लोक निमूट शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक सांगत.

तर या बाईला एका मंगळवारी, दुपारी साडेचार वाजता, कोर्टाच्याच इमारतीत चोराने गाठलं. ती दुसऱ्या मजल्यावरच्या अभिलेख खोलीतून खाली येत होती. मागून कोणीतरी पिशवीचा पट्टा ओढला. शहाण्या माणसाने पट्टा सोडला असता. पण पिशवीत एका गिऱ्हाइकाचे मूळ कागद होते, नकला नव्हेत, म्हणून तिने सोडला नाही. ओढणाऱ्याचा जोर जास्त होता, त्यामुळे पिशवी वर राहिली आणि बाई अकरा पायऱ्या खाली आली. चोर दुसऱ्या जिन्याने पसार झाला. कागद संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यात सापडले, टाचणीसकट, क्रमाने. बाईचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

चेहरा तिला दिसला नाही. दिसला तो एक हात, पट्ट्यावर आवळलेला, एखादा क्षण. लांब बोटं, निमुळती, नखं कापून साफ. जन्मभर लोकांची बोटं बघितलेल्या बाईने ती पडता पडतासुद्धा बघून घेतली. या माणसाला टायपिंग चांगलं आलं असतं, असं तिला वाटल्याचं ती नंतर सांगे.

प्लास्टर निघालं तेव्हा उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळलेली होती आणि सरळ व्हायला तयार नव्हती. डॉक्टर म्हणाले, स्नायूची दोरी अडकली आहे, आणखी एक ऑपरेशन लागेल. मात्र ते पडल्यापासून वर्षाच्या आत व्हायला हवं. त्यानंतर बोटं आहेत तशीच राहतील. खर्चाचा आकडा त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला, कारण असे आकडे तोंडाने सांगायची त्यांना सवय नव्हती. बाईने चिठ्ठी धाकट्या बहिणीला दाखवली. दोघी बहिणी एका घरात राहत, एकीचा टाइपरायटर आणि दुसरीची शाळेतल्या ग्रंथालयातली नोकरी यांवर. बहिणीने चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि म्हणाली, "ताई, हे काही आपल्याच्याने व्हायचं नाही." खोटी आशा लावायची पद्धत त्या घरात नव्हतीच.

आठ बोटांनी टायपिंग होतं. पण दोन बोटांचं काम मधल्या बोटावर पडलं की ते चुकतं, थकतं, आणि बारापर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत ठणका सुरू होतो. पूर्वी दिवसाला वीस अर्ज व्हायचे, आता नऊवर हात टेकायची वेळ येई. गिऱ्हाइकं हळूहळू संगणकांकडे सरकू लागली. बाईला भीती वाटू लागली, अगदी साधी भीती, की हे टेबल जाणार. टेबल गेल्यावर आपण कोण, हे तिला सांगता आलं नसतं.

शेजारच्या आठव्या टेबलावर रबरी शिक्के बनवणारे काका बसत. संगणक त्यांच्याकडेही होता, पण तो मुख्यत्वे त्यांचा डबा ठेवायला उपयोगी पडे. चाळीस वर्षं कोर्टासमोर बसल्यामुळे त्यांना कायदा सोडून कोर्टातलं सगळं माहीत होतं.

"सरकार देतं हो भरपाई," काका म्हणाले. "गुन्ह्यात ज्याला इजा झाली त्याला मिळते. पण आधी गुन्हेगार सापडायला हवा. शिक्षा लागायला हवी. नाहीतर सरकार कुणाच्या नावावर देणार?"

हे बाईला पटलं. तिच्या खणात त्या भरपाईचा छापील फॉर्म होता, सगळेच असत. तिने तो काढला. तिसरा रकाना: 'आरोपीचे नाव, असल्यास.' ती त्या शब्दाकडे बघत बसली. मग फॉर्म पुन्हा खणात ठेवला. आरोपीचं नाव आल्याशिवाय हा अर्ज जाणं शक्य नव्हतं, निदान तिच्या हातून तरी नाही. तिने लोकांना अठ्ठावीस वर्षं जे सांगितलं तेच स्वतःला सांगितलं, आणि लोकांप्रमाणेच तिनेही ते ऐकलं.

सात आठवड्यांनी पोलिसांचा निरोप आला की संशयित सापडला. तो फ्रीज दुरुस्त करणारा एक माणूस होता. त्या मंगळवारी तो दुसऱ्या मजल्यावरचं थंड पाण्याचं यंत्र दुरुस्त करायला आला होता. साडेचारला कुठे होतास, याला त्याचं उत्तर होतं की गच्चीवर झोपलो होतो. झोपेला साक्षीदार नसतो.

ओळख परेडला काचेमागे सहा जण उभे होते, हात पाठीमागे घेऊन. तपासाचे साहेब सज्जन होते. "सावकाश बघा, बाई," ते म्हणाले. "घाई काहीच नाही. पाच वाजता ही खोली मात्र दुसऱ्यांना द्यायची आहे."

बाईने सहाही चेहरे पाहिले. एकही ओळखीचा नव्हता आणि असायचं कारणही नव्हतं. तिसरा जरा घाबरलेला दिसत होता. तिच्या मनात सरळ म्हणावं असं होतं की साहेब, मी चेहरा पाहिलाच नाही. पण मग तिला तो तिसरा रकाना दिसला, डॉक्टरांची चिठ्ठी दिसली, बोटं तर रोज दिसतच होती. ती म्हणाली, "तीन नंबरचा असू शकेल."

साहेबांनी लिहिलं, 'तक्रारदाराने क्रमांक तीनच्या इसमास ओळखले.' बाई वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाही. तिने वाचलं. आपल्या शब्दांचं काय झालं ते तिला स्पष्ट दिसलं, कारण कागदावरचं न दिसायला ती काही अडाणी नव्हती. तिने डाव्या हाताने सही केली. त्या वेळी तिला लाज वाटली नाही. लाज नंतर आली आणि आली ती मुक्कामालाच.

तीन नंबरचा होता तो फ्रीजवालाच, आणि तो चार महिने तुरुंगात होता. मग जामीन मिळाला. या चार महिन्यांत बाई रोज टेबलावर आली, रोज नऊ अर्ज टाइप केले आणि त्या माणसाबद्दल काकांशी चकार शब्द बोलली नाही. काका एकदा म्हणाले, "शिक्षा लागली की तुमचं काम झालंच." बाईने नवा कागद चढवला.

खटला उभा राहिला तो पडल्यापासून नवव्या महिन्यात. बाई साक्षीला गेली. बहीण शाळेतून रजा घेऊन शेवटच्या बाकावर बसली होती. फ्रीजवाला समोरच्या कठड्यामागे उभा होता आणि त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

बाईने ते हात पहिल्यांदा पाहिले. आखूड, रुंद बोटं. सांधे सुजलेले, नटबोल्टचे पाने आणि नळ्या पिळून पिळून होतात तसे. डाव्या अंगठ्याचं नख काळं, कडेने जुना भाजल्याचा डाग. पट्टा ओढणारा हात हा नव्हता. यात शंकेला जागाच नव्हती.

"हाच का तो?" सरकारी वकिलांनी विचारलं.

आता खरं बोलायचं तर एवढंच म्हणायचं होतं की हा नव्हे. पण तसं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग आधी का ओळखलंत? आणि 'हो' म्हटलं तर रकाना भरणार होता, बोटं सरळ होणार होती आणि या आखूड बोटांच्या माणसाला पुन्हा आत पाठवलं जाणार होतं. 'हो' तिच्याच्याने म्हणवेना. 'नाही' म्हणायची हिंमत होईना.

"नक्की सांगता येत नाही," ती म्हणाली.

"मोठ्याने सांगा."

"नक्की सांगता येत नाही."

फ्रीजवाला संशयाचा फायदा मिळून सुटला. बाहेर काकांनी मान हलवली. "सुटला? मग गेली तुमची भरपाई. पाण्यात गेलं सगळं."  घरी येऊन दार लावल्यावर बहिणीने विचारलं, "ताई, खरंच नक्की नव्हतं?" बाईने पाणी प्यायला घेतलं आणि बराच वेळ पीत राहिली.

दोन आठवड्यांनी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा अर्ज घेऊन ती भरपाईच्या खिडकीवर गेली. म्हातारा जिना चढू शकत नव्हता म्हणून, एरवी ती टेबल सोडत नसे. खिडकीतल्या मुलीने कागद घेतले आणि तिच्या बोटांकडे बघितलं.

"हे त्या जिन्यावरच्या चोरीत ना? तुमचा अर्ज अजून आला नाही."

"कसा येणार? आरोपी सुटला."

"मग?"

"मग म्हणजे? शिक्षा कोणालाच झाली नाही."

"बाई," मुलगी म्हणाली, "फॉर्म त्याच्यासाठी आहे की तुमच्यासाठी? गुन्हा झाला एवढं दिसलं म्हणजे पुरे. पोलिसांतली तक्रार लावा, डॉक्टरांचा दाखला लावा, दोन वर्षांच्या आत द्या. चोर पकडला, सुटला, पळाला, त्याचा इथे संबंध नाही."

"आणि नावाचा रकाना?"

"मोकळा सोडा. असल्यास लिहिलंय ना."

बाई बाकावर जाऊन बसली. पहिल्याच आठवड्यात, प्लास्टरमध्ये असताना, बहिणीच्या हाताने लिहून हा अर्ज देता आला असता. काचेमागच्या तिसऱ्या माणसाची तिला कधी गरजच नव्हती. त्याचे चार महिने कशाच्याही कामाला आले नव्हते, तिच्या बोटांच्यासुद्धा नाही. तिने रुमाल काढला, चष्मा बाजूला ठेवला आणि रडून घेतलं. खिडकीतली मुलगी घाबरून म्हणाली, "अहो, मिळेल, मिळेल!" त्यामुळे तिला आणखीच रडू आलं.

अर्ज तिने त्याच दिवशी टाइप केला. तिसरा रकाना कोरा राहिला. ते कोरेपण बघवत नव्हतं, पण तिने तो तसाच सोडला. चौदावा रकाना होता, 'अर्जदाराने तपासात खोटी माहिती दिली आहे काय? होय / नाही.' तिने 'नाही'वर खूण केली. पटकन केली, अंगावरचा किडा झटकावा तशी. पडल्याला तेव्हा दहा महिने होत आले होते. निकालाला सहा आठवडे लागतात, म्हणजे वर्षाच्या आत ऑपरेशन बसत होतं. डॉक्टरांनी तारीख पेन्सिलीने लिहून ठेवली.

चौथ्या आठवड्यात फ्रीजवाला तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

काकांना एकाएकी आपल्या शिक्क्यांत फार काम दिसू लागलं. बाई उठून उभी राहिली, मग उभं राहून काय करायचं ते न सुचून पुन्हा बसली.

"बसा," ती म्हणाली.

"नको, उभाच बरा," तो म्हणाला. त्याच्या हातात निकालाची नक्कल होती. "कंपनी कामावर घेत नाही. यात संशयाचा फायदा लिहिलंय. मॅनेजर म्हणतो, म्हणजे संशय आहे तर. आम्हाला लोकांच्या स्वयंपाकघरात जायचं असतं, बाई. बायका एकट्या असतात घरात. त्यांचंही चुकत नाही."

"मग मी काय करू?"

"तो चोर मी नव्हतो, असं तुम्ही लिहून द्या. तुम्हाला माहीत असेल तर. माहीत नसेल तर राहू द्या, मी जातो."

"आधीच का नाही आलात?"

"बायको म्हणाली, जाऊ नकोस, पुन्हा ओळखतील."

तो हे कुरकुरून बोलला नाही. घरात जे बोलणं झालं ते त्याने सांगितलं. बाईने कागद घेतला, मध्ये कार्बन घातला, चढवला आणि टाइप करू लागली. आठ बोटांनी, हळू. चोराचा चेहरा मी पाहिला नाही. हात पाहिला. तो हात या इसमाचा नाही, हे मला नक्की माहीत आहे आणि साक्षीच्या दिवशीही माहीत होतं. ओळख परेडला मी चेहरा माहीत नसताना यांच्याकडे बोट दाखवलं. जबाब वाचला आणि सही केली.

त्याने उभ्यानेच वाचलं. शेवटच्या ओळींवर त्याचं काळं नख थांबलं.

"हे कशाला घातलंत? मला एवढं नको होतं. मी नव्हतो, एवढंच पुरे होतं."

"असंच झालं म्हणून घातलं." मग ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "मला वाटलं होतं, नाव असल्याशिवाय मला भरपाई मिळणार नाही. म्हणून. तुमच्याबद्दल माझ्या मनात काहीच नव्हतं. मी फार वाईट केलं."

"हो," तो म्हणाला. कागदाची घडी घातली आणि गेला.

कार्बनची प्रत टेबलावर राहिली. बाईने ती उचलली आणि जेवायच्या सुट्टीआधी खिडकीवर नेऊन दिली. मुलीने ती दोनदा वाचली, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला.

"हे तुम्ही मला दाखवलंच नाही असं समजू का?"

"नका समजू. माझ्या अर्जाला लावा. आणि चौदावा रकाना मला दुरुस्त करायचाय."

"अहो बाई, तुमची मंजुरी वर सहीला गेलीये! दोन दिवसांत हातात पडेल."

"खाली आणा."

मुलगी दहा मिनिटांनी फाइल घेऊन आली. बाईने 'नाही'वरची खूण खोडली, 'होय'वर केली आणि शेजारी सही केली. मुलगी म्हणाली, "बोटांचं काय मग?"  बाई जिन्याकडे वळली आणि कठडा धरून, एकेक पायरी बघत खाली आली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं, चार ओळींचं. आरोपी अज्ञात असल्याबद्दल त्यात काहीच हरकत नव्हती. चौदाव्या रकान्यातील उत्तरामुळे अर्ज नामंजूर, एवढंच होतं. खोट्या जबाबाबद्दल कारवाई करावी काय, अशीही एक फाइल निघाली आणि ती अजून भिजत पडली आहे. डॉक्टरांनी पेन्सिलीची तारीख खोडली. बहीण दोन दिवस धुमसली, भांडी आपटली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, "दे इकडे," म्हणून ताईच्या पोलक्याची बटणं लावून दिली. ती अजून रोज लावते.

बाई आता दिवसाला सात अर्ज करते. कोऱ्या रकान्याबद्दल कोणाला अडवत नाही. 'असल्यास' दिसलं की स्वतःच म्हणते, "नसलं तर सोडा." काही जुन्या गिऱ्हाइकांना हे पटत नाही, बाईचं काम पूर्वीसारखं राहिलं नाही म्हणतात.

फ्रीजवाल्याला काम परत मिळालं. दुसऱ्या मजल्यावरचं यंत्र वर्षातून तीन-चारदा बिघडतं, तेव्हा तोच येतो. हत्यारांची पेटी घेऊन नऊही टेबलांवरून जातो. काकांना हात करतो, सातव्या टेबलावाल्याशी दोन शब्द बोलतो. नवव्या टेबलाशी तो सरळ समोर बघतो आणि पायऱ्या चढून जातो.

काकांना हे सहन होत नाही. परवा ते भडकलेच. "एवढं केलंत त्याच्यासाठी! बोटं घालवलीत! आणि त्याला मान हलवायला जड होतं?"

"त्याचे चार महिने गेले, काका," बाई म्हणाली. "मी एक चिठ्ठी दिली."